पंधरावा दाखला

तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की आमच्या भागात दाखल्यांचा हंगाम लागतो. मे महिन्यात ठेकेदाराची माणसं पानांचे पुडे मोजत गावोगाव फिरतात, जूनमध्ये कॉलेजांचे प्राध्यापक फिरतात. बारावी पास झालेल्या पोराच्या दारात ज्याची गाडी आधी पोचली आणि ज्यानं मूळ गुणपत्रिका आणि टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, पिशवीत घालून नेला, त्याच्या कॉलेजचं ते पोर झालं. दाखला एकच असतो. तो एकदा कोणाच्या कपाटात गेला की दुसरीकडं प्रवेश घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नाही. गावातली माणसं तो बिनपावतीचा काढून देतात. शिकलेलं माणूस उन्हातून चालत आपल्या दारी आलं, त्याच्याकडं पावती कशी मागायची?

रिनाला या हंगामात असे पंधरा दाखले आणायचे होते. आरमोरीच्या बाजूच्या एका विनाअनुदानित कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवत होती. जागा पक्की नव्हती, दर जुलैत नवा आदेश निघायचा. कागदावर कुठंच नसलेला एक नियम सगळ्यांना पाठ होता: पहिल्या वर्षाला पंधरा पोरं झाली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर बाई घरी. जूनचा तिसरा आठवडा आला होता आणि रिनाचे चौदा झाले होते.

घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून एम.ए. करायला तिनं चार लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं होतं. शिकता शिकता त्यावर व्याज चढलं आणि हप्ता बसला सहा हजार आठशे ब्याऐंशीचा, दहा वर्षं. पगार साडेसात हजार, तोही वर्षातले दहाच महिने. हप्ता गेला की सहाशे अठरा उरायचे, त्यातले सहाशे सांचीच्या बालवाडीच्या ऑटोवाल्याला. "समाजशास्त्राची मोठी पदवी घेतली की महिन्याला निव्वळ अठरा रुपये उरतात," असं ती नवऱ्याला हसून सांगायची. पवन वडशाला राइस मिलमध्ये मशीनवर होता. तो हसायचा नाही. मे आणि जूनचे हप्ते त्याच्याच पगारातून जायचे.

कोसमटोल्याला ती स्कुटीनं गेली. जंगल लागायच्या आधी रेंज असेतोवर थांबून तिनं घरी फोन लावला.

"बाबा, सांचीनं खाल्लं काय? अंग तापलं नाई ना? हात लावून पाहा."

"पाच मिनिटाआधीच तं पाह्यलं," पलीकडून देवराव म्हणाला. "इतक्यात काय होते पोरीले? तू गाडी पाहून चालव."

नीलाबाई अंगणात मोहाची टोरी, म्हणजे बिया, फोडत बसली होती, तेलासाठी. गोंडांच्या त्या टोल्यात पंचवीस-तीस घरं, आणि या वर्षी बारावी पास झालेली तिची करिश्मा एकटीच.

"बसा मॅडमबाई. त्या बाजेवर नका बसू, तिची दोरी तुटून राह्यली."

करिश्मा पाणी घेऊन आली आणि रिना काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "मॅडम, तुमी सगळ्यायच्या घरी जाता का, का फक्त पास झालेल्यायच्याच?"

रिनाला हसू आलं. पोरगी हुशार होती. एकसष्ट टक्के, आणि बोलताना समोरच्याचे डोळे पाहत होती. "बघा नीलाबाई, कशी विचारते! हिची नजर समाजशास्त्राची आहे. वाया घालवू नका."

हे वाक्य रिनाचं स्वतःचं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या वच्छला मॅडम देवरावच्या घरी आल्या होत्या, ओल्या जमिनीवर पोतं टाकून बसल्या होत्या, बिनदुधाचा चहा प्यायल्या होत्या आणि बारावी झालेल्या रिनाकडं पाहून हेच म्हणाल्या होत्या. आपल्यातलीच बाई, विहारात भाषण देणारी, पांढऱ्या साडीतली. त्या एका वाक्यावर रिनानं पाच वर्षं अभ्यास केला. पुण्याच्या वसतिगृहात मुली तिच्या 'मले-तुले'वर खिदळायच्या, तेव्हाही ती मनात हेच वाक्य म्हणायची. आता ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. पंधरा घरांत पंधरा वेळा निघालं होतं.

नीलाबाईनं टोरी फोडायचं थांबवलं नाही. "नजर राहू द्या. शिकून काय भेटते ते सांगा."

"नोकऱ्या आहेत मावशी. संस्था आहेत, स्पर्धा परीक्षा आहेत..."

"तुमी काय शिकल्या?"

"हेच."

"मंग तुमाले किती भेटते?"

रिनाच्या डोळ्यांसमोरून एकदम सहा हजार आठशे ब्याऐंशी गेले. "पंचवीस हजार," ती म्हणाली.

इतकं सहज निघालं, की तिची तीच चकित झाली. नीलाबाईनं तिच्या पायांकडं पाहिलं. चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. 

"म्या नर्सिंगचा फारम भी भरला हाये मॅडम," करिश्मा म्हणाली. "गडचिरोलीले. वेटिंगवर हाओ."

"वेटिंगचं काय खरं? आणि लागलाच नंबर, तर दाखला परत देईन की. मी स्वतः आणून देईन."

मग नीलाबाई उठली, आत गेली आणि साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आली. देताना पिशवी तिनं दोन्ही हातांनी दिली.

वच्छला मॅडम आता प्रभारी प्राचार्य होत्या. पंधरावी पिशवी त्यांनी आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि रिनाच्या पाठीवर हात फिरवला. "वाचवलास विभाग. अनुदान आलं की पहिली पक्की जागा तुझी." हे अनुदान सहा वर्षांपासून येतच होतं. तरी त्या हातानं रिनाला बरं वाटलं. पुण्यात काम मिळेना तेव्हा याच बाईंनी तिला परत बोलावलं होतं, पोटातल्या सांचीसकट कामावर ठेवलं होतं. आई गेल्यावर असा पाठीवर हात ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी करिश्माचा फोन आला. रेंजसाठी ती कुठल्यातरी टेकाडावर चढली असणार, वारा ऐकू येत होता.

"मॅडम, नंबर लागला! वेटिंगमधून लागला! परवाच्या दिवशी लास्ट डेट हाये. मूळ कागद मांगून राह्यले. मी येऊ का कॉलेजात?"

"थांब," रिना म्हणाली. "मी बघते. मी सांगते तुला."

मॅडमना तिनं सांगितलं, तेव्हा त्या हजेरीपटावर रेघा मारत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तिला सांग, कागद विद्यापीठात गेले. पडताळणीला. आठ दिवस लागतील."

"पण परवा शेवटची तारीख आहे मॅडम."

"म्हणून तर." मॅडमनी पुढची रेघ मारली. "दोन दिवस गेले की प्रश्नच मिटतो. पोरगी चार दिवस रडेल आणि मग वर्गात बसेल. सगळ्या बसतात. तुझ्या हप्त्याचा विचार कर, रिना. तुला एक पोरगी आहे."

रिना घरी आली. देवराव सांचीला वरणभात भरवत होता. मिलमध्ये तीस वर्षं पोती उचलून त्याचे खांदे गोल झाले होते, पण घास मात्र तो चिमणीएवढा करायचा. रिनानं आधी पोरीच्या कपाळाला हात लावला, मग भिंतीला टेकून बसली आणि काय झालं ते सांगितलं.

"मंग दे ना तिचा दाखला," देवराव म्हणाला. "त्याच्यात विचार कायचा?"

"मॅडम नाई म्हणतात."

"मॅडमले काय विचारतं? पोरीले विचार. तुले कसं विचारलं होतं त्यायनं? तसं."

"मले कायचं विचारलं?"

"नर्सिंगचं." देवरावनं सांचीच्या हनुवटीवरचं वरण बोटानं पुसलं. "तू कॉलेजच्या शिबिरात होती. झाडं लावाले नेलं होतं ना तुमाले, आठ दिवस? तवाच तर तुझा नंबर लागला होता."

 रिनाला वाटलं, बाबा दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगतो आहे. नर्सिंगचा फॉर्म तिनं भरला होता हे खरं. वेटिंगवर होती हेही खरं. पण तिचा नंबर काही लागला नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

"मी गेलो होतो गडचिरोलीले यादी पाहाले," देवराव सांगत होता. "सोता पाह्यलं, तुझं नाव. दुसऱ्या दिवशी आखरी तारीख. मी तसाच कॉलेजात आलो, दाखला मांगाले. मॅडम म्हणे, देवरावभाऊ, असं कसं देता येईन, पोरीची मर्जी पाहावं लागते. माह्या समोर फोन लावला त्यायनं, शिबिरातल्या सरायले. तुले बोलावलं, बोलल्या तुह्यासंग. मंग मले सांगतलं, ते नाई म्हणते, तिले हेच शिकाचं हाये."

"बाबा."

"काय?"

"शिबिर कुठी होतं, माहीत आहे तुमाले?"

"आलापल्लीच्या तिकडं कुठी तरी."

"तिथी रेंज नाई बाबा. तवा तं टावरच नोहता. सरांना फोन करायचा असला तर मोटारसायकल घेऊन बारा किलोमीटर यावं लागे. मले कोणी फोनवर बोलावलं नाई. मी कोणासंगच बोलली नाई."

देवरावचा हात ताटातच राहिला. सांचीनं तोंड उघडून वाट पाहिली आणि मग आजोबांचं बोट ओढलं. त्यानं तिला घास दिला नाही.

"पण मी उभा होतो तिथी," तो म्हणाला. "त्यायनं हो हो केलं, हसल्या भी. 'बरं बेटा' म्हटलं."

"मले काऊन नाई विचारलं तुमी? मी घरी आल्यावर?"

"कायले विचारू? तुझी माय म्हणे, पोरीचं मन नाई, तं राहू द्या. टोचू नका." त्याचा आवाज बारीक झाला. "बँकेत सही कराले बोलावलं, साहेब म्हणे, फेडन का पोरगी? मी म्हटलं, साहेब, सरकारी नर्सिंग लाथाडली तिनं या शिक्षणापायी. तिच्या मनात काईतरी मोठं असन. म्हणून सही केली मी."

मग सांगावं की सांगू नये असं करत त्यानं सांगितलं, "ते रोशनी हाये ना, आपल्या मोहल्ल्यातली. यादीत ते तुह्या मागं होती."

रोशनी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होती. पन्नासच्या आसपास पगार, वडशाला प्लॉट. विहारात भेटली की ती रिनाला 'प्रोफेसर' म्हणायची, कौतुकानंच. तिला आपल्यापेक्षा जास्त मार्क होते, अशी रिनानं बारा वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

सकाळी ती कॉलेजात गेली तेव्हा शिपाई झाडत होता. मॅडम आल्या आणि रिनाला केबिनमध्ये उभं पाहून त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

"माझ्या बाबांसमोर तुम्ही फोन लावला होता," रिना म्हणाली. "कोणाला लावला होता मॅडम?"

कधीचं, कशाबद्दल, असं मॅडमनी विचारलं नाही. तिथंच रिनाला सगळं कळलं. रात्रभर तिला वाटत होतं, बाबांचं काही चुकलं असेल, कुठला तरी दुसरा फोन असेल. मॅडम खुर्चीत बसल्या. पाण्याच्या ग्लासवरची ताटली त्यांनी काढली आणि पुन्हा ठेवली.

"त्या वर्षी मी पण अशीच आदेशावर होते," त्या म्हणाल्या. "दोन पोरं शाळेत, घरी माणूस अंथरुणाला. एक पोरगी कमी पडत होती. चौदा झाल्या होत्या."

"मी पंधरावी."

"तू पंधरावी."

"आणि घरी येऊन म्हणाला होतात ते? माझ्या नजरेचं?"

"ते खोटं नव्हतं गं." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं की कसं, हे रिनाला ओळखता येईना. इतकी वर्षं माणसं पाहायला शिकली, आणि ज्या बाईनं शिकवलं, तिचंच तोंड तिला वाचता येईना. "तू हुशारच होतीस. मी तुला वाऱ्यावर सोडलं का? इथं घेतलं, सांभाळलं."

"साडेसात हजारांत."

"माझ्या हातात तेवढंच होतं."

"माझ्या हातात नर्सिंग होतं," रिना म्हणाली. "करिश्माचे कागद द्या."

"दिले तर चौदा होतात."

"द्या."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, पण दिली नाही. टेबलावर ठेवली आणि खिडकीकडं पाहू लागल्या. रिनानंच कपाट उघडलं. पिशव्या ओळीनं लावल्या होत्या, प्रत्येकीवर नाव, प्रत्येक नाव तिच्याच अक्षरात. साडीच्या दुकानाची पिशवी तिनं बरोबर काढली. बाकीच्या चौदांकडं तिला पाहवलं नाही. कपाट तसंच उघडं ठेवून ती निघाली.

"आदेश निघणार नाही मग," मॅडम मागून म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, एखाद्याला बस चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं. "मला काही करता येणार नाही."

कोसमटोल्याला पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. करिश्मा अंगणातच होती. रात्री झोपलेली दिसत नव्हती. गाडी पाहून ती धावत आली, पण रिनाच्या अगदी जवळ आली नाही, दोन हातांवर थांबली. नीलाबाईनं पिशवी घेतली, त्यातले कागद बाजेवर मांडले आणि पोरीला म्हणाली, "वाच."

"माय, हेच हायेत."

"वाच म्हटलं ना. नाव वाच."

करिश्मानं गुणपत्रिकेवरचं नाव वाचलं, टीसीवरचं वाचलं, जातीच्या दाखल्यावरचं वाचलं. नीलाबाई प्रत्येक कागदावर बोट ठेवत होती. रिना उभीच होती. तिला कोणी बसा म्हटलं नाही.

"मावशी, मी खोटं बोलली होती," ती म्हणाली. "मले पंचवीस नाई भेटत. साडेसात भेटते, आणि तेवढाच कर्जाचा हप्ता आहे."

"चपलेवरून दिसलंच होतं मले."

"मग दाखला कसा दिला?"

"तुमी म्हटलं, सोता आणून देईन. आमच्यात असं बोलल्यावर माणूस आणते." नीलाबाईनं कागद गोळा केले. "आणला. पण तीन दिवस तुमच्यापाशीच होता तं काल फोनवर 'थांब' काऊन म्हटलं?"

 रिनानं सांगितलंच, तुटक तुटक. पंधरांचा नियम सांगितला, आदेश सांगितला, आता आपलं काम गेलं हेही सांगितलं. बाबांचं आणि फोनचं मात्र सांगितलं नाही. ते तोंडावर आणलं असतं तर ती तिथंच बसली असती.

करिश्मा ऐकत होती. कागद मिळाले होते, उद्या गडचिरोलीला जायचं पक्कं झालं होतं, त्यामुळं तिचं मन मोकळं झालं असावं. रिना मॅडमचं काम आपल्यापायी जाऊ नये असं तिला वाटलं असावं. ती एकदम म्हणाली, "मॅडम, माही मावसबहीण हाये, गुलाब. पलीकडच्या टोल्यावर राहते. मागच्या साली नापास झाली होती, यंदा निघाली. ते घरीच बसून हाये. तिचे कागद घेता का?"

रिनाला नाही म्हणायचं होतं. स्कुटीवरून येताना रस्ताभर ती तेच ठरवत आली होती, की आता कोणाच्याच दारात जायचं नाही. पण हप्त्याची पाच तारीख नऊ दिवसांवर होती, आणि कर्जाच्या कागदावर देवरावची सही होती.

"किती टक्के आहेत तिले?" तिनं विचारलं.

करिश्मा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच नीलाबाईनं तिचं मनगट धरलं. कागदांची पिशवी पोटाशी घेऊन ती पोरीला आत घेऊन गेली. दार ओढून घेतलं, आणि आतून कडी लावल्याचा आवाज रिनाला उन्हात उभ्या उभ्या स्वच्छ ऐकू आला.